नावाचा रकाना

फ्रेमवर्क काही ठरत नव्हतं. मे महिन्याची बारा तारीख उजाडली तरी भैरवीच्या लॅपटॉपवर तोच तक्ता उघडा होता. उभे नऊ रकाने, आडवी पाच फ्रेमवर्कांची नावं, आणि प्रत्येक चौकोनात तिनं स्वतः दिलेले गुण. बेरीज रोज वेगळी यायची, कारण रोज ती कुठल्या ना कुठल्या रकान्याचं महत्त्व कमीजास्त करायची. कधी जँगो वर जायचं, कधी नेक्स्ट. लारावेल मात्र कायम चौथ्या नंबरावर अडकलेलं, आणि त्यावरूनच तिचं नि पृथ्वीराजचं रोज वाजत होतं.

पृथ्वीराज मगदूमचं राजारामपुरीत वेबसाइट करून देण्याचं लहानसं ऑफिस होतं. भैरवीच्या बाबांना, नृसिंह हेर्लेकरांना, अकरा वर्षांपूर्वी इंटरनेटवर जागा मिळवून दिली ती त्यानंच. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात उभी नोकरी घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "मला एक पान करायचंय, पण ते मीच करणार. तू फक्त अडलं तर सांग."

ते पान पाण्याचं होतं. आपल्याकडच्या बंधाऱ्यांवरूनच गावाचा रस्ता जातो. नदी चढली की रस्ता पाण्याखाली, आणि पलीकडच्या शाळेला, दवाखान्याला, डेअरीला जायचं तर वीस-बावीस किलोमीटरचा वळसा. कुठला बंधारा उघडा आहे नि कुठला बुडाला, हे बाबा रोज सकाळी त्या पानावर लिहायचे. अकरा बंधारे आणि बाराव्या ओळीत पंचगंगेचा घाट. पावसाळ्यात अर्धा जिल्हा ते पान बघून घराबाहेर पडायचा.

बाबा फेब्रुवारीत गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. आणि एप्रिलच्या शेवटी त्यांच्या पत्त्यावर वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीची मेल आली: आमची जुनी यंत्रं एकतीस मेला कायमची बंद होत आहेत, आपली वेबसाइट नव्या क्लाउडवर हलवावी. नव्या क्लाउडवर बाबांचा जुना प्रोग्राम चालणार नव्हता. तो नव्यानं लिहावा लागणार होता, आणि तो कशात लिहायचा, हाच प्रश्न होता. एकतीसपर्यंत ठरलं नाही, तर पाऊस सुरू व्हायच्या आत पान बंद. भैरवी पुण्यात सतरा वर्षं हेच काम करत होती. कंपनीकडून घरून काम करायची परवानगी काढून ती इथं, मंगळवार पेठेतल्या आईच्या घरी येऊन बसली होती. हे तिला जमणार नसेल, तर जमणार तरी कुणाला?

"ताई, लारावेल घे की," पृथ्वीराज डायनिंग टेबलाशी बसून कितव्यांदा तरी म्हणाला. "राजारामपुरीत गल्लीगल्लीला लारावेलवाला बसलाय. उद्या तू पुण्याला गेलीस आणि पान पडलं, तर मी कुणाला बोलवू? त्या नेक्स्टवाल्याला? त्यो बेंगळुरातनं येणार व्हय?"

"गल्लीत मिळतं म्हणून घ्यायचं असतं का?"

"भाजी तशीच घेतो की आपण."

"हे भाजीसारखं नाही, पृथ्वीराज. दहा वर्षं टिकायला हवं."

"काकांचं अकरा टिकलं."

आई, विमलाबाई, दोघांसमोर पोह्यांच्या बशा ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "फ्रेमवर्क म्हणजे गं काय?"

"घर बांधायच्या आधी सांगाडा उभा करतात ना, तसा तयार मिळतो. मग भिंती, दारं आपण बसवायची."

"यांनी कुठला वापरला होता?"

"कुठलाच नाही."

"मग उभं कसं राहिलं इतकी वर्षं?"

पृथ्वीराज पोह्यांत तोंड घालून हसला. भैरवीनं तक्त्यात 'टिकाऊपणा'चे गुण बदलले आणि पुन्हा बेरीज केली.

बाबांचा प्रोग्राम म्हणजे 'पाणी' नावाची एकच फाइल होती, अठराशे ओळींची. मध्ये मध्ये त्यांनी स्वतःसाठी टिपणं लिहिली होती, हातानं लिहावीत तशा शुद्ध भाषेत. 'हे का चालते ते कळले नाही, परंतु चालते.' 'येथे हात लावू नये.' 'भैरवीस विचारणे.' या शेवटच्या टिपणापुढं सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. कदाचित त्यांनी विचारलं असेल आणि ती मीटिंगमध्ये असेल. ती फाइल वाचताना तिला इतका संताप यायचा, की दर अर्ध्या तासानं उठून गॅलरीत जाऊन यावं लागे. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिलेली. कशाला काही शिस्त नाही. कामावर कुणी असं लिहिलं असतं तर तिनं त्याला समोर बसवून समजावलं असतं. इथं समजावायला कुणी नव्हतं.

अठरा तारखेला तिनं एकदाचं ठरवलं: नेक्स्ट. पुण्याच्या ऑफिसातला अभिराम फोनवर तासभर बोलला आणि म्हणाला की सध्या शहाणी माणसं सगळं फोनच्या आतच मांडतात, सर्व्हरनं फक्त आकडे पुरवायचे. तिला ते पटलं. निदान कुणीतरी ठामपणे काही बोललं, हे पटलं. मग जुनी माहिती नव्या रचनेत ओतायचं काम. त्यात 'पाहणारा' असा एक रकाना होता, आणि वरवर नजर टाकली तर त्यात वाट्टेल ते लिहिलेलं: 'गुंडू चहावाला', 'तानाबाई (स्वतः)', 'तानाबाईंची सून', 'गुंडू, घाईत'. माणसांची नावं अशी उघड्यावर टाकणं तिच्या पेशात बसत नव्हतं. तिनं तो रकाना काढून टाकला आणि बाराही ठिकाणांना ०१ ते १२ असे क्रमांक दिले. फ्रेमवर्क निवडायला तीन आठवडे लागले होते. याला दहा मिनिटं लागली.

पुढचे दहा दिवस तिनं क्लाउडशी भांडण्यात घालवले. प्रोग्राम वर चढवला की सात मिनिटं चक्र फिरायचं आणि लाल अक्षरात नकार यायचा. नकाराचं कारण दर वेळी नवं. एकदा सगळं चढलं, पण मराठी अक्षरांच्या जागी चौकोन. एकदा अक्षरं आली, पण वेळ चुकली. क्लाउडचं यंत्र परदेशी घड्याळावर चालत होतं, त्यामुळं सकाळी सातला घेतलेलं माप रात्री दीडचं म्हणून दिसायला लागलं.

"दीड वाजता नदीवर कोण गेलतं, ताई?" पृथ्वीराजनं विचारलं. "मगर?"

"मदत करणार आहेस की नुसता बसणार आहेस?"

"लारावेल असतं तर केली असती."

एकोणतीस मेला पान नव्या जागी उभं राहिलं. दिसायला देखणं होतं. नकाशा होता, रंग होते, बोट लावलं की बंधारा मोठा व्हायचा. माप कळवणाऱ्यांसाठी तिनं फॉर्म केला होता: मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल, फूट-इंच भरा. अकरा बंधाऱ्यांवरच्या अकराही जणांना तिनं बाबांच्या मोबाइलवरून निरोप पाठवला.

फॉर्म कुणीही भरला नाही. ती फोन करायला लागली. बोरपाडीच्या बंधाऱ्यावर चहाचा गाडा लावणारा गुंडू म्हणाला, "ते ओटीपी येईस्तोवर माझा चहा उतू जातोय. सर फोन करायचे, मी सांगायचो. तुमी बी करा की." म्हणून ती रोज सकाळी अकरा फोन करून स्वतःच आकडे भरू लागली. घाटाचा आकडा मात्र ती सरकारी पत्रकातून उचलत होती. तिथं फोन करायला कुणी नव्हतं. घाटावर बाबाच जायचे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात राधानगरीकडं संततधार लागली आणि पाणी चढायला लागलं. पान लोकांना खरोखर हवं होतं ते याच दिवसांत, आणि याच दिवसांत ते छळायला लागलं. थोडा वेळ कुणी फिरकलं नाही की क्लाउडचं यंत्र झोपी जायचं. पहिला माणूस आला की ते जागं व्हायचं, त्याला चाळीस सेकंद. शहरात ठीक होतं. नदीकाठी, रेंज एक दांडी, तिथं पांढरा पडदा नुसता बघत बसायचं. मग लोकांनी आपली वाट काढली. ज्याच्याकडं पान उघडेल त्यानं त्याचा फोटो काढायचा आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा. फोटोत सुंदर निळा नकाशा आणि आकडे. कधीचे, कुणी घेतलेले, याचा पत्ता नाही. वेळ बघायला बोट लावावं लागायचं, आणि फोटोला बोट लावून काय होणार?

बावीस तारखेला बाबांचा मोबाइल वाजला. नंदवळच्या तानाबाई.

"सरांची पोरगी का?"

"हो, मावशी."

"बाई, इकडं ये. फोनवर सांगून तुला कळंल असं वाटत न्हाय." आणि फोन बंद.

दुपारी पृथ्वीराजनं गाडी काढली. नंदवळच्या अलीकडं रस्ता उतरतो आणि समोर बंधारा दिसतो. तो त्या दिवशी दिसत नव्हता. गढूळ पाण्याला एक आडवी घडी पडली होती, तेवढ्यावरून तो कुठं आहे ते कळत होतं. काठावर दुधाचा टेम्पो उलटा वळवून उभा होता. तानाबाई डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन भाजीच्या वाफ्यांशेजारी उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, अंगानं काटक.

"हा बघ," त्या टेम्पोकडं हात करून म्हणाल्या. "पल्याडच्या पोरानं कालचा फोटो आज टाकला ग्रुपवर. बंधारा उघडा म्हणून. हा इथवर आला, आता मागं जाऊन फिरून जाणार. पाचशे लिटर दूध नासतंय का ऱ्हातंय बघायचं. आणि ह्यो काय म्हणतोय विचार."

टेम्पोवाला खिडकीतून म्हणाला, "मी काय म्हणणार? तानाबाईचं नाव नव्हतं, तवाच कळाय पायजे हुतं."

"ऐकलंस?"

भैरवी म्हणाली, "मावशी, वेळ दिसत नव्हती ही माझी चूक. ती मी आज दुरुस्त करते."

"वेळेचं ऱ्हाऊ दे. माझं नाव कुणाला इचारून काढलंस?"

भैरवीनं पुण्यात, मोठ्या मोठ्या मीटिंगांत, या प्रश्नाचं उत्तर कितीदा तरी दिलं होतं. तिनं ते इथंही दिलं. माणसाचं नाव असं सगळ्यांना दाखवणं बरोबर नसतं, कुणी त्याचा गैरवापर करू शकतो, वगैरे. तानाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या नावाचा कोण काय करणार हाय? आं? अकरा वर्षं नाव हुतं माझं तिथं. सर रोज इचारायचे, तानाबाई, तुमी सोता बघितलं का सुनंनं बघितलं? सुनंनं बघितलं असलं तर सुनंचं लिवायचे. का म्हाईतीय? मी चुकीचं सांगितलं तर गाव माझ्या दारात येतंय. म्हणून मी चुकीचं सांगत न्हाय. आता लिवलंयस काय, तर शून्य चार. शून्य चारच्या दारात कोण जाणार?"

पृथ्वीराज पायानं चिखल उकरत होता. भैरवीला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तानाबाई बरोबर होत्या. तिच्या पेशाचा नियमही चुकीचा नव्हता. बाबांनी 'येथे हात लावू नये' असं त्या रकान्याच्या ओळींवरच लिहिलं होतं हे तिला आता आठवलं. पण का लावू नये, हे त्या माणसानं एका ओळीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

"आणि घाटाचं कोण बघतंय आता?" तानाबाईंनी विचारलं.

"ते सरकारी पत्रकातनं घेते."

"म्हंजे कुणी न्हाय."

परतीच्या वाटेवर गाडीत भैरवी म्हणाली, "काढून टाकते सगळं. माप आलं की एक साधं पान तयार करायचं आणि तयारच ठेवून द्यायचं. नकाशा नाही, काही नाही. बारा ओळी. फोनच्या एका पडद्यात मावल्या पाहिजेत, म्हणजे फोटो काढला तरी वेळ आणि नाव बरोबर जाईल. पान तयार असलं की यंत्र झोपलं तरी कुणाचं अडत नाही."

"हे काकांचंच झालं की."

"हो."

"मग कशात लिहितेस?"

"तुझ्या लारावेलमध्ये."

पृथ्वीराजनं तिच्याकडं पाहिलं. जिंकल्यासारखं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. "खरं सांगू का ताई, आता कशातबी लिवलं तरी चालंल."

तेच तर होतं. नऊ रकान्यांत गुण भरण्यात तिनं तीन आठवडे घालवले होते, आणि ज्यावर सगळं ठरणार होतं तो रकाना तक्त्यात नव्हताच. कसा असेल? नदीकाठचा माणूस फोटो काढून पुढं पाठवतो आणि खाली नाव बघतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं?

नवं पान लिहायला चार दिवस लागले. वेगळं म्हणून तिनं एवढंच केलं: नाव भरल्याशिवाय ओळ घेतलीच जाणार नाही, आणि नाव नसेल तर पान स्वतःच लिहील, 'आज कोणी पाहिले नाही.' मग जुन्या माहितीतून नावं परत आणायला बसली. या वेळी ती रकाना ओळीओळीनं वाचत होती. पहिली नऊ वर्षं घाटापुढं 'नृसिंह'. त्यापुढं, गेल्या दोन पावसाळ्यांत आणि मधल्या सगळ्या दिवसांत, अगदी बाबा गेले त्या सकाळपर्यंत, 'विमला'. एकही दिवस सुटलेला नव्हता.

ती स्वयंपाकघरात गेली. आई कणीक मळत होत्या.

"आई, घाटावर तू जात होतीस?"

"जात होते म्हणजे, दोघं जायचो. गुडघ्यांमुळं यांना पायऱ्या उतरता यायच्या नाहीत. हे वर कट्ट्यावर बसायचे, मी खाली जाऊन आकडा बघायचे."

"मला सांगितलं का नाहीस? महिना झाला, मी पत्रकातनं आकडे उचलतेय."

"तू घाईत होतीस."

"उद्या जाशील?"

"नाही," आई म्हणाल्या, आणि परातीला चिकटलेलं पीठ बोटानं सोडवत राहिल्या. भैरवी बाहेर येऊन पुन्हा लॅपटॉपशी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पान गेलं. अकरा ओळी, अकरा नावं. 'नंदवळ – बंद – तानाबाई – ६.४०.' 'बोरपाडी – रस्त्याला दीड फूट बाकी – गुंडू – ६.५५.' आणि बाराव्या ओळीत: 'पंचगंगा घाट – आज कोणी पाहिले नाही.' पांढऱ्यावर काळी अक्षरं, बाबांच्या पानाइतकीच कुरूप. आठ वाजेपर्यंत त्याचे फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागले होते.

सव्वाआठला पृथ्वीराजचा तिच्या फोनवर फोन. "ताई, घाटाची ओळ बघून लोक मला शिव्या घालायलेत. पत्रकातला आकडा टाक की सरळ. हाय तो."

"तो कुणी पाहिला ते मला माहीत नाही."

"अगं, सरकारनं बघितला!"

"सरकारचं नाव काय लिहू?"

"लगा, काकांच्यापेक्षा तू वाढीव निघालीस."

"नाव घेऊन ये, आकडा टाकते," ती म्हणाली. आवाज चढला होता. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत बाबांचा मोबाइल वाजत होता, बराच वेळ. पृथ्वीराज बोलतच होता, त्यामुळं तिला उठता येईना. मग वाजणं थांबलं आणि आईचा आवाज आला.

"हो, हेर्लेकरांकडंच लागलाय. नाही, ते नाहीत आता. फेब्रुवारीत गेले." थोडा वेळ पलीकडचं कुणी बोलत असावं. "हो. घाटावरचं मीच बघत होते, दोन वर्षं. तेच नाव, विमला... नाही हो, मुलीची चूक नाही. मी तिला सांगितलं नव्हतं. मला तिकडं जावंसं वाटत नव्हतं." पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. "किती आहे ते आज मी कसं सांगू? पाहिलेलं नाही ना. सोमवारपासून बघीन. सातला."

भैरवीनं पृथ्वीराजला नंतर करते म्हणून फोन ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली. आईंनी मोबाइल टेबलावर ठेवला, पदरानं त्याची काच पुसली.

"सोमवार म्हणून बसले मी," त्या म्हणाल्या. "तोवर तुझ्या त्या ओळीत काय लिहायचं ते तू बघ."

"आहे तेच राहू दे," भैरवी म्हणाली.

"लोक ओरडतील."

"ओरडू देत."

आईंनी मान हलवली आणि पुन्हा वाजायला लागलेला मोबाइल उचलला.